वहिनीचा डावा पाय

कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथं गिऱ्हाइकांच्या पॅन्ट आखूड करतात आणि कंबरा सैल करतात, तिथं तिला सगळे वहिनीच म्हणत. मॅनेजरसुद्धा. त्याला कारण तिचे धाकटे दीर. दर शनिवारी ते तिला न्यायला यायचे, पांढरी काठी टेकत मागच्या दाराशी उभे राहायचे आणि विचारायचे, "वहिनी आहेत का?" दोन-तीन महिन्यांत तिचं खरं नाव हजेरीच्या कागदापुरतं उरलं.

त्या सोमवारी दुपारी वहिनी एका निळ्या पॅन्टला टीप मारत होती. मशीनचं पायडल ती डाव्या पायानं दाबायची. तिला शिवण शिकवणाऱ्या बाईंची तशी सवय होती, ती हिच्यात उतरली. पायडल दाबलं आणि नडगीतून एक कळ वर गेली. तिनं पाय बदलला. उजव्या पायानं टीप वाकडी जायला लागली. मग मशीन थांबवून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, तिनं खाली वाकून नडगीवरून बोट फिरवलं. गुडघ्याच्या वीतभर खाली एक जागा होती, नाण्याएवढी. तिथं बोट टेकलं आणि तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

आदल्या दिवशी, रविवारी, ती आणि भाऊजी अठ्ठावीस किलोमीटर पळाले होते. चोविसाव्याच्या पुढं पाय कुरकुरायला लागला होता, पण पंचेचाळिसाव्या वर्षी अठ्ठावीस किलोमीटर पळालं की काही ना काही कुरकुरणारच, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. आता मात्र तिनं बोटांवर आठवडे मोजले. मॅरेथॉनला चार आठवडे राहिले होते.

भाऊजींची नजर सत्ताविसाव्या वर्षापासून कडेकडेनं विझत गेली होती. चौतिशीत उजेड आणि अंधार यापलीकडं काही उरलं नाही. स्विच बनवायच्या कारखान्यात जुळणीचं काम होतं, ते बोटांच्या जोरावर टिकलं. पण कामावरून आले की खुर्चीत बसायचे ते थेट जेवायलाच उठायचे. थोरल्या भावानं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं, समजावून पाहिलं, रागावून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. घरात नवऱ्याला सगळे दादा म्हणत. बस डेपोत मेकॅनिक, अंगानं भरलेले, बोलायला मोकळे. पण भावाच्या खुर्चीसमोर त्यांचं बोलणं आटायचं.

वहिनीला डॉक्टरांनी वजनासाठी चालायला सांगितलं होतं. एका सकाळी ती म्हणाली, "भाऊजी, मला एकटीला अंधारात जायला नको वाटतं, सोबत चला." ते आले. महिनाभर चालल्यावर एक दिवस ते म्हणाले, "वहिनी, थोडं पळूया का?" शाळा सुटल्यापासून वहिनी बस पकडायलासुद्धा पळाली नव्हती. तिनं दुकानातून पडद्याच्या दोरीचा एक तुकडा आणला, दोन्ही टोकांना फासा शिवला, एक तिच्या मनगटात, एक त्यांच्या. त्याला आता तीन वर्षं झाली होती. पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये लोक भाऊजींबरोबर फोटो काढून घेत. वहिनी त्या फोटोंत अर्धी असायची, कधी नुसता दोरी धरलेला हात.

सोमवारी ती घरी काही बोलली नाही.

मंगळवारी पहाटे पाच वाजता ते कालव्याकाठच्या रस्त्यावर होते. मंगळवार म्हणजे वेगाचा दिवस. चारशे मीटर जोरात, मग दोनशे सावकाश, असं आठ वेळा. वहिनीचं तोंड सतत चालू असायचं, पण शब्द मोजके. खड्डा. डावीकडं. सायकलवाला. पायरी. तिनं "पायरी" म्हटलं की पुढचंच पाऊल उंच टाकायचं, हे भाऊजींच्या इतकं अंगात मुरलं होतं की त्यात विचार करायला जागाच नव्हती. शब्द आला की पाय उठायचा.

तिसऱ्या फेरीनंतर भाऊजी दोरी सैल करत थांबले.

"वहिनी, तुमचा डावा पाय उशिरा पडतोय."

"कशावरून?"

"दोरीवरून. एक-दोन, एक-दोन अशी हलते नेहमी. आज एक आणि मग जरा थांबून दोन."

वहिनीच्या जिभेवर खरं आलं होतं. पण भाऊजींचा चेहरा घामानं निथळत होता, आणि त्यावर ते हसू होतं जे त्या खुर्चीच्या दिवसांत घरानं पाहिलंच नव्हतं.

"बूट जरा चावतोय," ती म्हणाली. "नवी लेस घातलीय ना."

"मग सैल करा ती."

ती खाली वाकली, लेस सोडली, होती तशीच परत बांधली. पुढच्या पाच फेऱ्या तिनं दात आवळून पूर्ण केल्या आणि एक-दोन, एक-दोन अशी दोरी हलती ठेवली. घरी आल्यावर न्हाणीघरात नळ मोठा सोडून ती बादलीवर बसली आणि तोंडात टॉवेलचा कोपरा धरून नडगी दोन्ही हातांनी दाबत राहिली.

बुधवारी तिनं दुकानात अर्धी रजा टाकली. हाडांच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला स्पष्ट. एक्स-रेत काही दिसेना म्हणून त्यांनी एमआरआय करायला पाठवलं. संध्याकाळी पडद्यावर तिच्याच पायाचं हाड करड्या रंगात दिसत होतं आणि त्यात केसासारखी एक रेघ.

"चीर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठ आठवडे पळणं बंद. चालणंसुद्धा कामापुरतं."

"मला चार आठवड्यांनी मॅरेथॉन आहे."

"तुम्हाला नाही आता."

"मी माझ्यासाठी नाही पळत, बाई. माझे दीर अंध आहेत, त्यांना घेऊन पळते. माझं नाव त्यांच्या नावाला जोडलेलं आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पळताना हे हाड पूर्ण मोडलं तर तुम्ही पडाल. तुम्ही पडलात तर दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण असणार?"

करड्या प्लास्टिकचा एक जाडजूड बूट मिळाला, गुडघ्यापर्यंतचा. तो पायात घालून घरी गेलं तर दारात पाऊल टाकताच भाऊजींना त्याचा आवाज कळला असता. तिनं तो पिशवीत भरला आणि दुकानातल्या तिच्या कपाटात, कापडांच्या चिंध्यांमागं, ठेवून दिला.

नवऱ्याला मात्र तिनं सांगितलं. स्वयंपाकघरात, हळू आवाजात. दादांनी डोक्याला हात लावला.

"मग त्याला सांग की."

"सांगते. आधी दुसरं कुणी शोधते, मग सांगते. म्हणजे एकदम दार बंद झाल्यासारखं वाटणार नाही त्यांना."

"आणि नाही मिळालं कुणी?"

"मिळेल. एवढी माणसं आहेत ग्रुपमध्ये."

यात दुसरंही काही होतं, जे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. स्वतःशीही नीट कबूल केलं नाही. आयुष्यभर ती दुसऱ्यांचे कपडे त्यांच्या मापाचे करत आली होती. तिच्यावाचून कुणाचं अडलं असेल असं एकच ठिकाण होतं, ती वीतभर दोरी. ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणजे तिला आपलाच हात कापून दिल्यासारखं होत होतं.

गुरुवारी चढाचा सराव होता. "कारखान्यात तुम्हाला जादा काम आहे ना, या आठवड्यात गुरुवार गाळू," असं सांगून तिनं वेळ मारून नेली. भाऊजी म्हणाले, "पण या आठवड्यात काही गाळायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात." ते खोलीत जाऊन जागच्या जागी उड्या मारत राहिले, अर्धा तास. भिंतीपलीकडून वहिनीला त्यांच्या पायांचा आवाज ऐकू येत होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती मालाच्या खोलीत, हँगरांच्या रांगेमागं, फोन घेऊन बसली. ग्रुपमधले बारा जण. भाऊजींचं नाव काढलं की प्रत्येकाचा आवाज लगेच मऊ व्हायचा. केवढी जिद्द आहे, आम्हाला त्यांच्याकडं बघून बळ येतं, असं सगळे म्हणायचे. आणि मग प्रत्येकाला काही ना काही होतं. एकीला पहिल्यांदाच चार तासांच्या आत यायचं होतं. एकाचा गुडघा. एकाची बायको म्हणाली, ते बाहेर गेलेत, आणि मागून त्यांचाच खोकला ऐकू आला. एक शिक्षिका खरंच रडवेली झाली. "मला भीती वाटते हो. त्यांना काही झालं तर?" वहिनीनं तिचीच समजूत घातली. नऊ फोनांनंतर तिचा कान गरम झाला होता. आपण भीक मागतोय आणि लोक आपल्याला शाबासकी देताहेत, असं तिला वाटलं.

दहावा फोन एका बँकेत काम करणाऱ्याला होता. ग्रुपमध्ये त्याला बँकवाला म्हणत. पळायला हरणासारखा, स्वभावानं सरळ. त्यानं आधी भाऊजींचा वेग विचारला. मग म्हणाला, "शनिवारी एकदा पळून बघतो त्यांच्याबरोबर. जमलं तर माझी मॅरेथॉन मी सोडतो."

वहिनीनं हँगरांना धरून डोळे मिटले.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं भाऊजींना सांगितलं. पण पुरतं नाही. "पाय जरा आखडलाय, डॉक्टर म्हणाल्या आठवडाभर विश्रांती घ्या. तोवर बँकवाला येतोय तुमच्याबरोबर." भाऊजी चहा पीत होते. कप बशीत ठेवायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

"फक्त आठवडाभर?"

"हो."

"मग ठीक आहे."

शनिवारी सकाळी सहा वाजता चौघं कालव्यावर जमले. वहिनी साधे बूट घालून आली होती आणि दादांच्या दंडाचा आधार घेऊन बाकावर बसली. बँकवाल्याला तिनं सगळं नीट समजावलं, कुठं खड्डे आहेत, कुठला शब्द कधी म्हणायचा. परत येताना रस्ता शेवटी, बाकाजवळ, फुटपाथला मिळतो, तिथं एक उंच पायरी होती. "तिथं दोन पावलं आधी म्हणायचं. फार आधी नाही, फार उशिरा नाही." बँकवाल्यानं मान हलवली. त्यानं दोरी मनगटात घातली तेव्हा वहिनीनं दुसरीकडं बघितलं.

दोघं गेले, धुक्यात दिसेनासे झाले आणि काही वेळानं परत येताना दिसले. पळणं चांगलं दिसत होतं. भाऊजींची पावलं मोकळी पडत होती, वहिनीबरोबर पडायची त्याहून मोकळी. तिला बरंही वाटलं आणि कुठंतरी टोचलंही. दादा म्हणाले, "जमतंय की गं."

मग तिनं पाहिलं. बँकवाला मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होता. पायरी जवळ येत होती आणि तो घड्याळाकडं बघत होता. तोंड हलत नव्हतं. वहिनी बाकावरून उठली, डाव्या पायावर भार पडला आणि ती पुन्हा खाली बसली. पळत जाता येणार नव्हतं. हाताशी फक्त आवाज होता.

"भाऊजी, पायरी."

सगळा कालवा ऐकेल असा तो आवाज निघाला. आणि भाऊजींचा पाय उठला. पायरी अजून बरीच पुढं होती. सपाट रस्त्यावर त्यांचं पाऊल उंच गेलं, जिथं दगड लागायला हवा तिथं काहीच लागलं नाही, आणि सगळं अंग त्या रिकाम्या जागेत गेलं. बँकवाल्याच्या मनगटातून दोरी निसटली. भाऊजी हनुवटीवर पडले.

दादा पळाले. वहिनीला तिथं पोचायला किती वेळ लागला, ते तिला नंतर आठवलं नाही. बँकवाला गुडघ्यांवर बसला होता, पांढराफटक पडला होता. "मी सांगणारच होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "अजून वीस पावलं होती. मी सांगणारच होतो, वहिनी." ते खरं असेलही. त्याच्याकडं बघून वहिनीला कळलं की हा आता पुन्हा दोरी हातात घेणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

दवाखान्यात हनुवटीला पाच टाके पडले. मनगट सुजलं होतं, पण मोडलं नव्हतं. दादा औषधं आणायला गेले तेव्हा पडद्यामागं दोघंच उरले. भाऊजी पलंगाच्या कडेला बसले होते, शर्टाच्या कॉलरवर रक्त वाळलं होतं.

"तुम्ही कुठून ओरडलात?" त्यांनी विचारलं.

"बाकावरून."

"मला वाटलं, तुम्ही शेजारी आहात. तुमचा आवाज आला ना."

वहिनीनं त्यांच्या कॉलरवरचं वाळलेलं रक्त नखानं खरवडलं.

"पाय नुसता आखडलेला नाही," भाऊजी म्हणाले. "येताना तुम्ही दादाच्या अंगावर सगळा भार टाकून चालत होता. त्याला धाप लागली होती."

मग तिनं सगळं सांगितलं. चीर, आठ आठवडे, चिंध्यांमागचा बूट, नऊ फोन. सांगताना तिचा आवाज सपाट होता, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगत होती. भाऊजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मंगळवारी मी विचारलं होतं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"तुम्ही लेस म्हणालात. आणि वाकून बांधलीतसुद्धा. मला आवाज आला."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, भाऊजी."

"मंगळवारी सांगितलं असतंत तरी कुणी मिळालं नसतंच कदाचित. ते राहू द्या." टाक्यांमुळं त्यांना ओठ फार हलवता येत नव्हते. "पण तुम्ही खड्डा म्हणता, मी खड्डा धरतो. तुम्ही सरळ म्हणता, मी सरळ जातो. मी हात लावून बघत नाही, वहिनी. पळताना बघता येतच नाही."

तिला म्हणायचं होतं की रस्त्याबद्दल मी कधीच खोटं बोलले नाही. पण हे वाक्य मनात तयार होता होताच तिला ते लंगडं वाटलं.

त्या संध्याकाळी दादांनी एक प्रयत्न केला. कुणाला न सांगता त्यांनी भावाला इमारतीच्या पार्किंगमध्ये नेलं, मनगटात दोरी अडकवली आणि म्हणाले, "चल, मी आहे ना." पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर ते एका खांबाला मिठी मारून उभे राहिले, तोंडातून शिट्टीसारखा आवाज काढत. भाऊजींनी चाचपडत त्यांची पाठ शोधली आणि चोळत राहिले. "दादा, हसवू नकोस, टाके ओढतात," ते म्हणाले. खिडकीतून बघणाऱ्या वहिनीला ते ऐकू आलं आणि तिलाही हसू आलं. ते फार टिकलं नाही.

रविवारी पळायचं होतं बत्तीस किलोमीटर. साडेचारला भाऊजींच्या खोलीतून बुटांचा आवाज आला. वहिनी उठून गेली, आता पायात तो करडा बूट होता, दादांनी रात्रीच दुकानाच्या चौकीदाराला विनवून आणलेला. भाऊजी पलंगावर तयार होऊन बसले होते. कुणाची वाट बघत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तळमजल्याच्या व्यायामशाळेत जाऊ," ती म्हणाली. "तिथं पळायचं मशीन आहे."

त्यांनी मान हलवली.

एका हातानं दांडी धरून ते पळायला लागले. वहिनी शेजारी स्टुलावर, पाय दुसऱ्या स्टुलावर. सांगायला काही नव्हतं. खड्डा नाही, सायकलवाला नाही. ती पडद्यावरचे आकडे वाचत राहिली. तीन. साडेपाच. आठ. तासानं मशीन आपोआप थांबलं, त्या मशीनला तेवढंच येत होतं. तिनं बटण दाबून पुन्हा सुरू केलं. समोर आरसा होता आणि आरशात एक माणूस जागच्या जागी जिवाच्या आकांतानं पळत होता, हनुवटीवर पांढरी पट्टी.

"चौदा," ती म्हणाली.

"बंद करा, वहिनी."

"मनगट दुखतंय?"

"नाही." ते दांडीला धरून उभे राहिले. "मी कुठं जातच नाहीये."

तिनं टॉवेल पुढं केला, तो त्यांच्या हाताला लागेपर्यंत.

नाव मागं घ्यायचं असेल किंवा सोबत पळणारा बदलायचा असेल, तर रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दुपारी वहिनीनं उरलेले दोन फोन करून पाहिले. एक लागला नाही. दुसऱ्यानं फार गोड शब्दांत काखा वर केल्या. चार वाजता भाऊजी स्वतःच तिच्याजवळ येऊन बसले.

"लिहा," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. आता लिहा."

तिनं फोनवर तो अर्ज उघडला. नाव, क्रमांक, वय. मग कारणाची चौकट आली. त्यात आजारपणापासून परगावापर्यंत सगळी कारणं होती, त्यांना लागू पडेल असं एकही नव्हतं. शेवटी "इतर" होतं आणि त्याखाली एक रिकामी ओळ.

"कारण काय लिहू?"

"सोबत पळणाऱ्याच्या पायाला दुखापत. खरं तेच."

तिनं ते टाइप केलं. मग तिनं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं, शब्दन्‌शब्द.

भाऊजींनी मान तिच्याकडं वळवली.

"एवढंच लिहिलंत ना?"

"एवढंच."

तीन वर्षांत त्यांनी तिला असं कधी विचारलं नव्हतं. ते सहज विचारलं की खातरी करून घ्यायला, हे तिला कळेना, आणि उलट विचारायची तिला हिंमत झाली नाही. स्वयंपाकघरातून दादांनी चहा ठेवल्याचा आवाज आला.

"पाठवा मग," भाऊजी म्हणाले.

तिनं पाठवलं आणि गेल्याचं त्यांना सांगितलं. ते तिच्या शेजारीच बसून राहिले.